सुफळ संपूर्ण

न्यायनिवाड्याचे काम आजवर आमच्याकडे कोणी सोपविले नव्हते, आणि ते योग्यच होते. तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या मनुष्याला प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू खऱ्या वाटण्याची खोड जडते. उत्तरपत्रिका तपासताना ती विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडते; निकाल देताना मात्र ती कोणाच्याच उपयोगी पडत नाही. तथापि गेल्या दिवाळीत छत्रपती संभाजीनगरातील आमच्या राहत्या घरी एक खटला उभा राहिला, आणि वादी व प्रतिवादी या दोघांनीही पंच म्हणून आमचीच नेमणूक केल्यामुळे आम्हांला माघार घेता आली नाही.

वादी म्हणजे आमच्या ताईची नात. ती पुण्यास महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकते, आणि सुट्टीसाठी आजीकडे, म्हणजे आमच्याकडे, आली होती. प्रतिवादी आमचे चिरंजीव. नात्याने ते तिचे मामा; पण वयात अंतर थोडे असल्याने मामा-भाचीची मर्यादा दोघांपैकी कोणीच पाळीत नाही. फराळाच्या ताटांवरून दोघांची जुंपली होती. ‘हा काय शेवट झाला?’ ‘शेवट असाही असू शकतो.’ ‘मग माझ्या इतक्या तासांचं काय?’ अशी वाक्ये कानी पडली तेव्हा आम्हांला मोठी धन्यता वाटली. घरातील तरुण मंडळी हाती चकली धरून कादंबरीच्या शेवटावर भांडत आहेत, यापरते भाग्य वाङ्मयाच्या शिक्षकाला कोणते? जवळ जाऊन चौकशी केली तेव्हा कळले की वाद कादंबरीचा नव्हता, व्हिडिओ गेमचा होता. आमचा उत्साह बराच मावळला, हे कबूल केले पाहिजे. पण पुरावा न पाहता निकाल देऊ नये एवढे आम्हांलाही ठाऊक होते. म्हणून पुढील दोन संध्याकाळी आम्ही चष्मा पुसून पडद्यासमोर बसलो. ताईही शेजारी येऊन वाती वळीत बसली.

खेळाचे नाव ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीने तो रचला आणि २०२० साली तो लोकांपुढे आला. राजी ही फिरत्या सर्कशीत कसरती करणारी एक पोर. गोलू हा तिचा धाकटा भाऊ. असुर येऊन मुलांना पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो, आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ही बहीण त्याच्या शोधास निघते. राजस्थानातील जुन्या गढ्या-महालांची आठवण करून देणारी बांधणी, भिंतींवर चितारलेल्या पुराणकथा, मधूनच बाहुल्यांच्या छायाखेळातून पुढे सरकणारे कथानक, असा सगळा थाट आहे. विशेष म्हणजे दुर्गा आणि विष्णू हे दोघे राजीच्या पराक्रमाविषयी वरून आपसांत बोलत असतात. आमच्या जुन्या नाटकांतील सूत्रधार आणि नटीच जणू! आम्ही मनात ठेवलेली अढी पहिल्या अर्ध्या तासातच सैल झाली. दुसऱ्या संध्याकाळी तर पोरीने चुकीची उडी मारली की आमच्याच तोंडून ‘अगं, सांभाळ!’ असे निघू लागले. शेवटी महाबलासुराशी निकराचे युद्ध झाले. इतक्या वाटचालीचे उत्तर आता मिळणार म्हणून आम्ही सावरून बसतो न बसतो तोच खेळ आटोपला. आम्ही चिरंजिवांना विचारले, ‘वीज गेली काय?’

हेच वादीचे म्हणणे होते. ‘मी तिला इथवर आणलं, मामाआजोबा. पुढे त्या दोघांचं काय, हे मला नीट कळायला नको?’ प्रतिवादीचे म्हणणे असे की, शेवट तुटका असला म्हणजे तो वाईटच असतो असे नाही. या मंडळीने २०१७ साली खेळासाठी लोकवर्गणी मागितली होती. ती ठरल्या आकड्यापर्यंत पोहोचली नाही. तरीही तीन वर्षांनी खेळ पुरा करून त्यांनी तो जगापुढे ठेवला, यातच त्यांचे कौतुक आहे.

आम्ही प्रथम प्रतिवादीच्या बाजूला झुकलो. आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्या मनुष्याला अपूर्णतेचा राग येत नाही. अजिंठ्याचे चोविसावे लेणे पुरे झाले असते तर तेथील मोठ्या विहारांत त्याची गणना झाली असती. पण ते अर्धवटच राहिले. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या मृत्यूनंतर राज्याची घडी विस्कटली, आश्रय सुटला आणि कामे थांबली, असे काही विद्वान मानतात. त्या लेण्यात उभे राहिले की खडकावरचे छिन्नीचे घाव दिसतात, हात नेमका कोठे थांबला ते दिसते, आणि पाहणारा हळहळतो. पण आपण फसविले गेलो असे त्याला वाटत नाही. हा दाखला देऊन आम्ही निकाल सांगितला की, राजीच्या शेवटाबद्दल हळहळावे, रागावू नये.

त्यावर ती मुलगी म्हणाली, ‘लेणं बघायला गेल्यावर कुणी माझ्या हातात छिन्नी देत नाही. इथे छिन्नी माझ्याच हातात होती.’

वर्गात असे उत्तर वर्षातून एखाद्या वेळी मिळते, आणि मिळाले की त्या दिवशीचा पगार सार्थकी लागला असे वाटते. आम्ही निकाल मागे घेतला व फेरविचारास बसलो. तेव्हा चिरंजिवांनी दुसऱ्या एका खेळाचा पुरावा पुढे मांडला. तो त्यांच्याच पक्षाला घातक होता, पण पुराव्याच्या बाबतीत ते आमच्यासारखेच भाबडे आहेत.

‘मास इफेक्ट’ नावाची एक त्रिखंडी कथा बायोवेअर या कॅनडातील कंपनीने रचली. तिचे खंड २००७, २०१० आणि २०१२ साली निघाले. तिच्यातील मौज अशी की, कोणाला वाचवावे, कोणाशी तह करावा, कोणाचा विश्वास मोडावा हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे; आणि पहिल्या खंडात घेतलेला निर्णय पुढल्या खंडांतही त्याचा पाठलाग करणार. लोकांनी पाच वर्षे हे निर्णय जिवापाड जपले. तिसऱ्या खंडाच्या शेवटी त्यांच्या हाती काय आले? तीन पर्याय, आणि त्यांची दृश्ये इतकी सारखी की, एकात उजेड तांबडा, दुसऱ्यात निळा, तिसऱ्यात हिरवा, एवढाच काय तो फरक, असे कित्येकांचे म्हणणे पडले. मोठा गहजब झाला. नाराज मंडळींनी वर्गणी काढून कंपनीच्या कचेरीत चारशेहून अधिक लहान केक पाठविले: तांबडे, निळे आणि हिरवे; पण चव सगळ्यांची एकच, व्हॅनिलाची! टीकाकाराचा पेशा आम्ही इतकी वर्षे करीत आहो, पण इतकी नेमकी, इतकी गोड आणि इतकी जिव्हारी लागणारी टीका आम्हांला कधी साधली नाही. अखेर त्याच वर्षीच्या जूनमध्ये कंपनीने शेवटाचा अधिक विस्तार करून तो सर्वांना फुकट दिला.

लेखकाने वाचकांच्या आरडाओरड्यापुढे मान तुकवावी, हे ऐकून आमच्यातील प्राध्यापक प्रथम खवळला. परंतु क्षणभरातच त्याला आपलाच अभ्यासक्रम आठवला. शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ लोकांना सोसवेना म्हणून नाहम टेट या गृहस्थाने १६८१ साली त्याचा शेवट बदलला. कॉर्डेलियाला जिवंत ठेवले, एवढेच नव्हे तर तिचे लग्नही लावून दिले. आणि १८३८ साली मॅक्रेडीने शेक्सपिअरचे मूळ नाटक पुन्हा रंगभूमीवर आणीपर्यंत सुमारे दीडशे वर्षे इंग्रज लोक हाच लिअर पाहात होते. डॉ. जॉन्सनसारख्या पहाडासारख्या माणसालाही कॉर्डेलियाच्या मृत्यूने इतका धक्का बसला होता की, संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत ते अखेरचे प्रवेश पुन्हा वाचण्याचे धैर्य त्याला झाले नाही. आणि टेटला हसावे तर आपल्या विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीला काय म्हणावे? वाल्मीकीच्या सीतेला शेवटी धरणी पोटात घेते. हा शेवट भवभूतीला मानवला नाही. त्याने ‘उत्तररामचरित’ लिहून सीतेला रामाच्या, मुलांच्या आणि अयोध्येच्या लोकांच्या हवाली सन्मानाने परत केले. शेवट न रुचणे हा पोरकटपणा म्हणावा, तर त्या पोरांत एक महाकवीही बसलेला आहे.

मग प्रश्न असा की, या नव्या तक्रारीत नवे काही आहे की नाही? आम्हांला वाटते, आहे. आणि ते त्या छिन्नीच्या वाक्यात आहे. आपल्या नाट्यशास्त्राने नाट्यकार्याच्या ज्या पाच अवस्था सांगितल्या आहेत त्यांतील पहिली आरंभाची आणि अखेरची फलागमाची. फळ मिळते ते नायकाला. प्रेक्षकाच्या वाट्याला येतो तो रस. दुष्यंताला शकुंतला मिळाली म्हणून आपल्याला कोणी मिळत नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करीत नाही. आपण रस घेऊन तृप्त मनाने घरी येतो. ही वाटणी इतकी जुनी आहे की ती मोडता येईल हे कोणाच्या ध्यानी आले नसावे. व्हिडिओ गेमने ती मोडली. येथे पाहणारा तोच करणारा. उडी चुकली तर त्याची, असुर पडला तर त्याने पाडला. तेव्हा खेळ संपताना तो नुसता रस मागत नाही, फळही मागतो. आणि मागण्याचा अधिकार त्याने आपल्या अंगठ्यांच्या श्रमाने मिळविलेला असतो. जुन्या नाटकांत आम्हांला एकच जागा अशी आठवते की जेथे प्रेक्षक आणि नायक एक झाले. ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात वाल्मीकीने रचलेले नाटक राम पाहावयास बसतो. ते त्याच्याच सीतेचे नाटक असते. पाहता पाहता तो मूर्च्छित पडतो. आणि शुद्धीवर येतो तो खरी सीता समोर! त्या एका प्रेक्षकाला नुसता रस देऊन वाटेस लावणे भवभूतीला प्रशस्त वाटले नाही.

येथवर विचार झाला तेव्हा आम्ही वादीच्या बाजूला पुरते आलो होतो. पण प्रतिवादीने योग्य हरकत घेतली. ‘बाबा, फळ म्हणजे गोड फळच का?’

मुळीच नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी वारले, आणि पुढल्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ बडोद्यास रंगभूमीवर आणले. त्याच्या शेवटी कोणाला काय मिळते? सिंधू जाते, सुधाकर विष घेऊन जातो, आणि प्रेक्षकाच्या हाती रुमालाखेरीज काही राहात नाही. तरीही बालगंधर्वांची सिंधू पाहून रडलेली मंडळी पुन्हा तिकीट काढून रडावयास येत, आणि ‘आमचे पैसे परत द्या’ असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. कारण तो मृत्यू बाहेरून आलेला नाही. पहिला प्याला ओठी लागला त्याच क्षणी तो निघाला होता. वाटेत कोठेही न थांबता वेळेवर पोहोचला, इतकेच. वेरूळचे कैलास लेणे पाहताना आम्हांला नेहमी हेच वाटते. कारागिरांनी ते डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरीत आणले. कळस आधी, पाया नंतर. वरचा घाव घालतानाच खालचे हत्ती कोठे उभे राहणार हे ठरून गेले होते. चांगल्या गोष्टीचा शेवट असाच आधी खडकात दडलेला असतो.

एवढी सामग्री जमल्यावर आम्ही खुर्चीत सरळ बसून निकाल वाचला. न रुचणारे शेवट तीन प्रकारचे. एक तुटका शेवट, चोविसाव्या लेण्यासारखा आणि राजीसारखा. त्याबद्दल हळहळ, आणि करणाऱ्याला थोडी अधिक हळहळण्याचा हक्क. दुसरा दुःखाचा शेवट. तो आतून आला असेल तर त्याबद्दल तक्रार चालणार नाही. तिसरा उपरा शेवट, जो आधीच्या गोष्टीचा नव्हेच. मग तो तीन रंगांत रंगवून आणा, नाही तर टेटसारखे त्याचे लग्न लावून आणा. केक पाठवावयाचे ते याच्या घरी. निकालपत्र आम्हांला स्वतःला तरी फार आवडले. मुलेही गप्प बसली.

तोच ताई वाती वळता वळता म्हणाली, ‘मग आईचा शेवट यांतला कोणता रे?’

वाचकांना हा प्रश्न कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९८१ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी राहात होतो. आमची आई चौथीपर्यंत शिकलेली. पण वाचनाची अशी आवड की दुपारची कामे आवरली की वाचनालयातून आणलेली कादंबरी घेऊन ती ओटीवर बसे, आणि आळीतल्या बायका निवडणेटिपणे घेऊन भोवती जमत. त्या वर्षी एका जुन्या कादंबरीचे वाचन चालले होते. सासरी छळ सोसणारी नायिका एका रात्री घर सोडून निघते, नदीकाठाने चालत माहेरच्या गावी येते आणि वडिलांच्या दारापुढे उभी राहते. येथे पुस्तकाची शेवटची पाने फाटून गेलेली होती. बायका हिरमुसल्या. आईने क्षणभर पुस्तक मांडीवर उपडे ठेवले आणि पाने समोर असावीत अशा संथ आवाजात पुढली गोष्ट सांगितली: मुलगी कडी वाजविते, वडील स्वतः उठून दार उघडतात, आई तिच्या पायांवर पाणी घालते, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि तिला आत घेते. मग श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी संपविताना म्हणे तसे ती ‘सुफळ संपूर्ण’ म्हणाली. आम्ही बारा वर्षांचे होतो. आम्हांला तो शेवट फार आवडला. ताई त्या दुपारी खांबाला टेकून बसली होती. तिचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती, ती चार दिवसांसाठी आली होती आणि दुसऱ्या दिवशी तिला परत जावयाचे होते. वडील आतल्या खोलीत हिशेब लिहीत होते. तेथे ओटीवरचे सारे ऐकू जात असे.

पुढे आठ वर्षांनी, एम.ए.च्या वर्षी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ती कादंबरी आम्हांला अखंड सापडली. खऱ्या शेवटी ती मुलगी कडी वाजवीत नाही. बंद दारापुढे बराच वेळ उभी राहते, आपल्यामुळे वडिलांना खाली पाहावे लागेल या विचाराने मागे फिरते आणि नदीकडे जाते. शेवट भयंकर होता, पण खरा होता; पहिल्या प्रकरणापासून निघालेला होता. नुकताच टेटचा लिअर अभ्यासलेले आम्ही मनात म्हणालो, आईने टेटचे काम केले! हे आम्ही आईला कधी सांगितले नाही. ताईला तर नाहीच. आईला जाऊनही आता बारा वर्षे झाली. आज पंचाच्या खुर्चीत बसल्यावर लपविणे बरे नव्हे, म्हणून आम्ही ताईला खरा शेवट सांगितला, आणि जड मनाने पुढे म्हणालो, ‘आमच्या निकालाप्रमाणे पाहिलं तर आईचा शेवट उपरा ठरतो, ताई.’

ताईने वात तळहातावर नीट वळून पुरी केली. म्हणाली, ‘मला ठाऊक होतं. ती कादंबरी सासरी माळ्यावर होती. मी आधीच वाचली होती.’

‘मग तेव्हा बोलली का नाहीस?’

‘काय बोलायचं? आई गोष्ट थोडीच सांगत होती? माझ्याकडे पाहत होती ती.’

एवढे बोलून ती पुढल्या वातीसाठी कापूस पिंजू लागली. पुढल्या माघात एका रात्री ताई आठ महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन गोदाकाठच्या त्या घरी आली, हे आम्हांला स्वच्छ आठवते. कडी वाजली तेव्हा आई उठण्याच्या आधी वडील उठले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुढे करून पोर घेतली. ताई पुन्हा सासरी गेली नाही. ती शिकली, शाळेत शिक्षिका झाली आणि मानाने निवृत्त झाली. त्या कडेवरच्या मुलीची मुलगी आमच्यासमोर वादी म्हणून बसली होती, आणि आजीकडे पाहात होती.

आता आम्ही काय करावे? खडकात दडलेल्या शेवटाचा सिद्धांत आम्हांला अजूनही खरा वाटतो. पुढल्या सत्रात वर्गातही आम्ही तोच सांगू. त्या कादंबरीचा शेवट नदीतच होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण ओटीवर त्या दुपारी दोन गोष्टी चालल्या होत्या, आणि आम्हांला एकच ऐकू आली. दुसऱ्या गोष्टीत ऐकणारीच नायिका होती. तिला रस नको होता, फळ हवे होते. चौथी शिकलेल्या बाईला हे कळले, एम.ए. झालेल्या तिच्या मुलाला कळावयास इतकी वर्षे लागली, आणि तीही एका खेळाच्या निमित्ताने. आईला पुस्तकातला खरा शेवट ठाऊक होता की नाही, हे विचारावयास आता कोणी उरले नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती मुलगी आजीला बिलगून म्हणाली, ‘आजी, आता राजीचा शेवट तू सांग.’

‘मी? मला त्यातलं काय कळतंय?’ असे म्हणत ताईने वाती बाजूला ठेवल्या. ‘बहीण इतकी मारामारी करून भावाजवळ आली म्हणतेस ना? मग तो पहिल्यांदा काय म्हणेल? म्हणेल, ताई, भूक लागलीय.’ आणि तेथून पुढे तिने जे काही सांगितले त्यात त्रिशूळ नव्हता, असुर नव्हता. एक चूल होती आणि तव्यावरच्या भाकरीची वाट पाहणारी दोन पोरे होती. प्रतिवादीसुद्धा हनुवटीखाली हात धरून ऐकत बसले. खटल्याचा निकाल आम्ही राखून ठेवला आहे.